बोलीवरून मुलूख ठरवावा काय?

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण सहज म्हणतो. युरोपातील काही सरकारे मात्र याच गोष्टीच्या आधारे माणसाला ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे याचा विचार करतात. युद्धातून जीव घेऊन पळालेल्याजवळ कागदपत्रे बहुधा नसतात. तो म्हणतो, मी सोमालियाचा. अधिकाऱ्यास वाटते, हा शेजारच्या केनियाचा असावा. मग त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करून उच्चार, शब्द, व्याकरण तपासतात. स्वित्झर्लंडने १९९७ मध्ये त्यासाठी सरकारी विभागच काढला. जर्मनीत २०१७ पासून हे काम यंत्राकडूनही करून घेतात. आश्रय मागणाऱ्याने फोनवर एका चित्राचे वर्णन करायचे आणि त्याची अरबी कोणत्या मुलखाची ते यंत्राने सांगायचे!

ही पद्धत मुळातच खोटी आहे, असे माझे म्हणणे नाही. कागद हरवलेल्या खऱ्या माणसाला त्याची बोलीच साक्षीदार म्हणून उपयोगी पडेल. पण हा साक्षीदार सांगणार तरी काय? माणूस कोणाच्या संगतीत वाढला, एवढेच. नागरिकत्व काही जिभेवर लिहिलेले नसते. सोमाली भाषा सोमालियात आहे, तशी केनियात आणि इथिओपियातही आहे. तिथल्या सरहद्दी आखताना भाषेला कोणी विचारले नव्हते.

शिवाय पळणाऱ्याची भाषा शुद्ध राहील कशी? अफगाणिस्तानातील हजारा लोक छळामुळे पाकिस्तानातील क्वेट्ट्यात आणि इराणात जाऊन राहिले. पुढे ऑस्ट्रेलियात आश्रय मागताना बोलण्यातल्या उर्दू व इराणी छटाच त्यांच्या विरुद्ध पुरावा ठरू लागल्या. म्हणजे वणवण केली हाच गुन्हा! तेथील पाच भाषातज्ज्ञांनी २००३ मध्ये न्यायाधिकरणाचे ५८ निर्णय तपासले आणि हे विश्लेषण विश्वासार्ह नाही असे स्पष्ट म्हटले.

हे मला पटते, कारण घरचाच अनुभव आहे. माझा चुलतभाऊ ऊसतोडीला सहा-सहा महिने कर्नाटकात असतो. त्याच्या मराठीत आता कानडी शब्द आले आहेत. म्हणून तो बीडचा नाही काय? आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरी मी ‘पानी’ म्हणतो, सरांपुढे आपोआप ‘पाणी’ होते. माझे यांतले कोणते बोलणे मुद्रित करणार? मी तर केवळ सरांपुढे उभा असतो. तो बिचारा परक्या अधिकाऱ्यापुढे, दुभाष्याच्या मदतीने, प्राण मुठीत धरून बोलत असतो. दुभाषा वेगळ्या बोलीचा असला तर त्याला कळावे म्हणून हाही आपली बोली सोडणारच. तज्ज्ञ मग त्या उसन्या बोलीवरून त्याचे गाव शोधतात.

२००४ मध्ये १९ भाषातज्ज्ञांनी सरकारांसाठी मार्गदर्शक सूत्रे तयार केली. राष्ट्रीयत्व ठरविणे हे भाषातज्ज्ञाचे काम नव्हे आणि भाषेचा पुरावा एकटा धरू नये, असे त्यांत आहे. नुसता मातृभाषिक असणे म्हणजे तज्ज्ञ असणे नव्हे, हेही त्यांनी बजावले. तरी ब्रिटनमध्ये दोन सोमाली अर्जदारांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एका स्वीडिश कंपनीने दूरध्वनीवरील संभाषण ऐकून त्यांना केनियाकडचे ठरविले होते. विश्लेषकांनी भाषेपलीकडच्या गोष्टींवरही मते दिली होती, म्हणून २०१४ मध्ये न्यायालयाने कान उपटले व सरकारचे अपील फेटाळले. त्या दोघांना एवढ्या वरपर्यंत जाता आले. पहिल्याच नकारानंतर ज्यांना विमानात बसवून परत धाडले, त्यांचे अपील कोठे करायचे?