फिल्म संपल्यानंतरचा तास

गेल्या काही वर्षांत शाळा-कॉलेजांकडून आम्हाला येणाऱ्या फोनचा सूर बदलला आहे. पूर्वी मुख्याध्यापिका विचारायच्या, "ताई, आठवी-नववीच्या मुलींसाठी कधी येताय? कुठला तास देऊ?" आता विचारणा होते ती अशी : "पाळीवर, छेडछाडीवर, पॉक्सो कायद्यावर तुमच्याकडे व्हिडिओ असतील ना? लिंक पाठवून द्या. प्रोजेक्टर आहे आमच्याकडे, आम्ही दाखवून घेऊ."

गिरगावपासून दादर-परळपर्यंत हाच अनुभव. यात कुणाचा हेतू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. शिक्षकांच्या मागे निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामं असतात, अभ्यासक्रम संपवायचा असतो आणि पाळी किंवा लैंगिक अत्याचार या विषयांवर वर्गात उभं राहून बोलायचं अवघडलेपण असतंच. तयार फिल्म लावली की विषय 'झाला' अशी नोंद करता येते. पण फिल्म दाखवली म्हणजे शिकवलं का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आधीच सांगते, आमचं व्हिडिओशी वैर नाही. स्त्री चळवळीने गाणी, पथनाट्य, पोस्टर यांच्या जोडीला फिल्मही फार लवकर हाताशी धरली. आनंद पटवर्धन यांची 'हमारा शहर' (१९८५), कुटुंबनियोजन कार्यक्रमाने बायकांच्या शरीराचं काय केलं ते दाखवणारी दीपा धनराज यांची 'समथिंग लाइक अ वॉर' (१९९१), अशा फिल्मनी कितीतरी जणींना विचार करायला लावलं. आमच्या ज्येष्ठ मैत्रिणी सांगतात की भाड्याचा व्ही.सी.आर. आणि टी.व्ही. टॅक्सीत घालून त्या वस्तीत जायच्या. ते धूड चौघींनी उचलावं लागे, वायर जोडावी लागे, वीज गेली तर थांबावं लागे. त्या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट आपोआप घडायची. फिल्म जिथे जाई तिथे माणसंही जात, आणि फिल्म संपल्यावर ती तिथेच असत. आता फिल्म एकटी जाते.

सरकारी पातळीवरही हे नवं नाही. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठीचे कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. बालचित्रवाणी २०१७ साली बंद झाली. मग कोविडमध्ये शाळांना टाळं लागल्यावर जुलै २०२० मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका आली. पुढच्या वर्गांचा बराच भार मोबाइलवर पडला. या कार्यक्रमांमागे अनेकांची मेहनत होती. पण दर वेळी एक आशा मनात डोकावते, की पडदा शिक्षकाची जागा भरून काढेल. भौमितिक रचना किंवा हृदयाचे कप्पे दाखवायला पडदा उत्तमच, न कळलेला भाग मुलं पुन्हापुन्हा पाहू शकतात. जिथे विषय मुलीच्या जगण्याला भिडतो, तिथे मात्र ही आशा फसवी ठरते.

कशी, ते एका उदाहरणाने सांगते. परळमधल्या एका शाळेत नववीच्या मुलामुलींना आम्ही बारा मिनिटांची फिल्म दाखवत होतो. एक मुलगा रोज स्टेशनपासून एका मुलीचा पाठलाग करतो, मुलगी घाबरते, शेवटी आईला सांगते, आई तिच्या पाठीशी उभी राहते. फिल्म चांगली होती. पण मुलगी घराचं दार उघडते तिथेच आम्ही ती थांबवली आणि विचारलं, "आता ती घरी सांगेल का?" मुलींच्या बाजूने एका सुरात उत्तर आलं, "नाही." का नाही? थोडा वेळ कुणी बोलेना. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सांगितलं तर क्लास बंद होईल." दुसरी म्हणाली, "बाबा म्हणतील, तूच काहीतरी केलं असशील." तिसरीने सांगितलं की तिच्या बहिणीने घरी सांगितलं, त्याच वर्षी तिच्यासाठी स्थळं बघायला लागले.

'मोठ्यांना सांगा' हा त्या फिल्मचा संदेश. सांगण्याची किंमत कोण मोजतं, हे फिल्मला ठाऊक नव्हतं. वर्गातल्या मुलींना ठाऊक होतं. आणि शेजारच्या रांगेतली मुलं ते पहिल्यांदाच ऐकत होती. त्यांच्यातला एक जण बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "मग तिने सांगायचं कुणाला?" त्या दिवशीचा धडा हा होता. तो कुठल्याच फिल्ममध्ये नव्हता. फिल्म तिथे थांबवल्यामुळे तो बाहेर आला.

म्हणून आम्ही नेहमी एक प्रश्नपेटी बरोबर नेतो. फिल्मनंतर प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचं नाही, काही विचारायचं नसेल तर कोरी टाकायची. पाळी असताना देवाला शिवलं तर खरंच काही होतं का? भाऊ माझा फोन तपासतो, ते बरोबर आहे का? मित्राने फोटो मागितला, नाही दिला तर तो सगळ्यांना काहीतरी सांगेल, काय करू? मुलांच्या चिठ्ठ्याही येतात. मुलगी नाही म्हणते तेव्हा तिचा अर्थ काय? रडावंसं वाटतं, पण मित्र हसतात. या प्रश्नांची उत्तरं फिल्ममध्ये आधीच भरून ठेवता येत नाहीत. पडदा बोलतो, त्याला ऐकता येत नाही.

तास संपल्यावर दप्तर आवरायला उगाचच वेळ लावणारी एखादी मुलगी पुष्कळ शाळांमध्ये भेटते. सगळे गेले की ती जवळ येते. कधी नुसतं विचारते, "तुम्ही परत कधी येणार?" कधी असं काही सांगते की ऐकणारीच्या पायाखालची जमीन सरकते. पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) अशा गुन्ह्याची माहिती कळलेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. पण त्याआधी कुणीतरी तिच्याजवळ बसावं लागतं, तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो, पुढे काय होईल ते तिला समजेल अशा शब्दांत सांगावं लागतं. फिल्मच्या शेवटी १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर येतो आणि जातो. ही हेल्पलाइन १९९६ साली आपल्या मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली, याचा अभिमान आहेच. पण स्वतःचा फोन नसलेल्या मुलीने तो नंबर कुठून लावायचा? फिल्ममुळे तिच्या मनातली गाठ सुटायला लागली आणि खोलीत ऐकणारं कुणीच नसलं, तर ती पुन्हा गप्प होते. एकदा असं झालं की दुसऱ्यांदा तोंड उघडणं अधिक कठीण.

"मुली घरी मोबाइलवर बघतील," असंही शाळा सांगतात. घर म्हणजे काय, तेही बघू या. बी.डी.डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. आजी, आई-वडील, भावंडं सगळी तिथेच. शरीराविषयीची फिल्म मुलीने कुठल्या कोपऱ्यात बसून बघावी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या साधारण ३३ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होतं. मुंबईत मोबाइल घरोघरी दिसतात हे खरं, पण फोन घरात असणं आणि तो मुलीच्या हातात असणं यात फरक आहे.

मुलाच्या हातात फोन असतो, आणि तो त्यावर काय बघतो हे सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही. २०१३ साली आलेल्या रवी जाधव यांच्या 'बालक-पालक' या सिनेमातली चाळीतली मुलं, घरात कुणी सांगत नाही म्हणून व्हिडिओ कॅसेटकडे वळतात. कॅसेट भाड्याने आणायला निदान चार मित्र जमवावे लागत. आता तेही लागत नाही. स्त्रीच्या शरीराविषयीचं आणि संमतीविषयीचं पहिलं शिक्षण अनेक मुलांना अश्लील व्हिडिओतून मिळतं. तेही 'शैक्षणिक'च, फक्त शिक्षण उलटं. त्याला उत्तर द्यायचं तर मुलांनाही त्याच वर्गात बसवून बोलावं लागेल. 'मुलींसाठी कार्यक्रम' ठेवून मुलांना मैदानावर पिटाळणं आता थांबायला हवं.

बोलणं टाळायची सवय आपल्याकडे जुनी आहे. याच गिरगावात र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००७ साली, शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांत विरोध झाला. आक्षेप होता तो त्यातल्या चित्रांवर. चित्रांची भीती वाटणारे आपण आता लिंक पाठवून मोकळे होतो. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. मोठ्या माणसाने मुलांच्या डोळ्यांत बघून बोलायचं टळतं.

आणखी एक मुद्दा. या फिल्म कुणाच्या असतात? बहुतेक वेळा त्यातली मुलगी मोठ्या फ्लॅटमध्ये राहते, तिला स्वतःची खोली असते, भाषा डब केलेली. आमच्या मुली लगेच म्हणतात, "ही आपल्यातली नाही." उलट अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांची 'साचा' (२००१) घ्या. नारायण सुर्वे यांची कविता आणि सुधीर पटवर्धन यांची चित्रं यांतून गिरणगाव दाखवणारी ही फिल्म. कॉलेजच्या मुलांना ती दाखवली, तेव्हा १९८२ चा संप त्यांच्यासाठी इतिहासातली ओळ राहिला नाही. सुमारे अडीच लाख कामगारांमध्ये स्वतःचे आजोबाही होते, हे काहींनी घरी विचारल्यावर पहिल्यांदा कळलं. मग एका मुलीने विचारलं, "आणि आजी?" संपात घर कुणी चालवलं? खानावळी चालवून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका, १९७५ साली प्रेमा पुरव यांनी उभं केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ, हे सगळं त्या प्रश्नातून पुढे आलं. त्या मुलांनी आपल्या आज्यांच्या मुलाखती मोबाइलवर घ्यायला सुरुवात केली. चित्र हलतं, आवाज फाटतो, मध्येच कुकरची शिट्टी होते. पण मुलगी जेव्हा कॅमेऱ्यामागे उभी राहते, कुणाला काय विचारायचं ते ठरवते, तेव्हा ती जे शिकते ते फिल्म नुसती बघून शिकता येत नाही.

म्हणून शाळा-कॉलेजांना आमचं सांगणं एवढंच आहे :

फिल्म जितक्या मिनिटांची, निदान तितकीच मिनिटं बोलण्यासाठी राखून ठेवा. शिक्षकांनी ती आधी स्वतः पाहावी, कुठे थांबवायची ते ठरवावं. काही तास मुलींचे वेगळे असावेत, काही मुलामुलींचे एकत्र, पण मुलांना वगळू नये. प्रश्नपेटी कायमची ठेवावी आणि दर आठवड्याला उघडावी. प्रत्येक शाळेत निदान दोन शिक्षकांना ऐकून घेण्याचं आणि कायद्याचं प्रशिक्षण मिळावं, आणि त्यांची नावं मुलींना ठाऊक असावीत. २०२४ साली बदलापूरच्या घटनेनंतर शाळांमध्ये सी.सी.टी.व्ही. बसवण्याचे आदेश निघाले, त्यासाठी पैसे उभे करा असं सांगितलं गेलं. नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यासाठी पैसे मिळू शकतात, तर ऐकणाऱ्या माणसासाठी का मिळू नयेत?

लिंक आम्ही जरूर पाठवू. पण तिच्याबरोबर आमच्यातली एक जण येईल, ही आमची अट आहे. आम्ही मोजक्याच आहोत, सगळीकडे पोचणं शक्य नाही, म्हणून शिक्षिका मैत्रिणींना विशेष विनंती : हे काम शिकून घ्यायला या. आणि वाचक मैत्रिणींनो, तुमच्या मुलाबाळांच्या शाळेत अशी फिल्म दाखवली गेली असेल तर संध्याकाळी जेवताना एवढंच विचारा, "फिल्म संपल्यावर काय बोललात?" जे उत्तर मिळेल ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.