कढई मोठी, सोऱ्या तोच

आमच्या घरात ‘कार्ड’ या शब्दाला आजवर तीनच अर्थ होते. एक रेशनचे, एक पोस्टाचे आणि एक बँकेचे. चौथा अर्थ गेल्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी घरात आला, तो खोक्यात बसून आणि २४,००० रुपये वसूल करून. लांबीला वीतभर, जाडीला चांगली दोन-तीन बोटे, पाठीवर दोन पंखे. याला कार्ड म्हणायचे तर पाट्याला पोळपाट म्हणायला हरकत नाही. पण चिरंजीवांनी मला थांबवले. “बाबा, ग्राफिक्स कार्ड असंच असतं. तुम्ही आता त्याला मराठी शब्द शोधू नका.”

शोधणार होतो, हे खरे.

या २४,००० पैकी १४,००० त्याचे स्वतःचे होते. मे महिन्यात सोसायटीतल्या पाच मुलांना कॉम्प्युटर शिकवून त्याने ते जमवले होते. उरलेले १०,००० मी दिले आणि त्यासोबत अर्ध्या तासाचे एक व्याख्यानही दिले, ज्याचे त्याला पैसे पडले नाहीत. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड, म्हणजे शुद्ध बोलायचे तर डॉ. भडकमकर मार्ग, असा प्रवास करून आम्ही ते आणले. दुकानदाराने बिल करता करता विचारले, “साहेब, मशीनला रॅम किती आहे?” मी मनात म्हटले, लागला आणखी काही गळ्यात मारायला. “आम्हाला फक्त कार्ड हवं आहे,” असे ठणकावून मी चिरंजीवांना दंडाला धरून बाहेर काढले. हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा. मी तो चार दिवस विसरलो होतो.

घरी आल्यावर तासाभरात कार्ड बसले, आणि खेळ पूर्वीपेक्षा वाईट चालू लागला. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. गाडी वेगात जाई आणि मध्येच पडद्याला उचकी लागे. पुन्हा धावे, पुन्हा उचकी.

पहिली चूक पाच मिनिटांत सापडली. पडद्याची केबल त्याने सवयीने पेटीच्या वरच्या भोकात, म्हणजे मदरबोर्डाच्या जोडणीत, खोचली होती. अशा वेळी चित्र प्रोसेसरमध्येच असलेल्या लहानशा ग्राफिक्सकडून येत राहते आणि नवे कार्ड पाहुण्यासारखे नुसते बसून असते. केबल खालच्या, कार्डाच्या जोडणीत गेली. खेळ सुधारला. उचकी राहिली.

पुढचे तीन दिवस घरावर अवकळा होती. जुने कार्ड एका कंपनीचे, नवे दुसरीचे. जुन्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्यामधला दुभाष्या, मागे राहून नव्याशी भांडत असेल म्हणून ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ नावाचे साधन सेफ मोडमध्ये चालवून त्याची पाळेमुळे खणून काढली. कार्डाचे तापमान पाहिले, ते ६५ अंशांच्या वर जाईना. कार्ड वरच्याच लांब खाचेत बसले आहे ना, हे पाहिले. मग वीज पुरत नसेल अशी शंका निघाली. पण वीज कमी पडली की यंत्र बहुधा हळू होत नाही. ते सरळ बंद पडते किंवा आपले आपण पुन्हा सुरू होते, आणि इथे तसे एकदाही झाले नव्हते. हे सारे त्याला ठाऊक होते. तरी तो एका वेळी चार बटणे फिरवी, खेळ सुरू करी, उसासा टाकी आणि पुन्हा चार बटणे फिरवी.

आता एक कबुली देतो. कार्ड चालेना हे पाहून मला वाईट वाटले, पण त्या वाईटाच्या पोटात कुठेतरी बरेही वाटले. माझे व्याख्यान खरे ठरत होते ना! चौथ्या दिवशी तो जेवायला बसला तो मान खाली घालून. “परत देऊन टाकू या. सात दिवसांत परत घेतात,” एवढेच म्हणाला, आणि भात तसाच टाकून उठला. आपल्या कमाईची पहिली मोठी वस्तू चुकली असे वाटणाऱ्या मुलाचे तोंड कसे दिसते, ते त्या दिवशी मी पाहिले. मग माझ्या आतले ते बरे वाटणे पार पळाले आणि त्याची जागा संतापाने घेतली. संताप अर्थातच दुकानदारावर. मी फोन उचलला आणि “तुम्ही आम्हाला वापरलेला माल दिलात” असे त्याला सुनावले. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, घेऊन या, इथं लावून बघू. पण रॅम किती आहे ते सांगा.” पुन्हा रॅम! मी फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात चकल्या चालल्या होत्या. सौ.ने यंदा मोठी कढई आणली होती, एका वेळी दहा चकल्या मावतील अशी. पण चकल्या काही लवकर होईनात. तेल तापून वाट पाहत होते आणि ती सोऱ्या दाबत होती. एकेक चकली पडायची ती आपल्या गतीने. मी आपले सहज म्हणालो, “एवढी मोठी कढई आणून उपयोग काय झाला?” ती कपाळावरचा घाम मनगटाने पुसत म्हणाली, “कढई मोठी आणली तरी सोऱ्या तोच आहे ना. कढई काय, रिकामी उकळत बसेल.”

चिरंजीव दारात उभे होते. “बाबा,” तो म्हणाला, “कार्ड किती टक्के काम करतंय, ते मी अजून पाहिलंच नाही.”

(महाविद्यालयातल्या आमच्या भौतिकशास्त्रवाल्या मित्राला मी ही गोष्ट पुढे सांगितली. तो म्हणाला, जीन अम्डाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हेच मांडले होते. कामाचा एक भाग कितीही वेगवान केला, तरी एकूण लाभाला उरलेल्या भागाची मर्यादा पडते. सौ.ला अम्डाल ठाऊक नाही, आणि अम्डालला चकल्या ठाऊक असण्याचा संभव कमी.)

त्या रात्री आम्ही दोघे बसलो. मी एक अट घातली. आमच्या धंद्यात जुन्या ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती ताडून पाहताना एका वेळी एकच पाठभेद धरतात आणि जे दिसेल ते आधी लिहून ठेवतात. इथेही तसेच करायचे. एका वेळी एकच बदल. शर्यत तीच, रस्ता तोच. तो खेळेल, मी वहीत लिहीन.

खेळाचे चित्र म्हणजे सेकंदाला अनेकदा नव्याने काढलेली चित्रे. एका चित्राला फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेममागे दोन कारागीर असतात. गाडी कुठे वळली, कोण कुणाला धडकले, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय काय रंगवायचे याची यादी कार्डाला देतो. कार्ड रंगवते. कार्ड एक चित्र रंगवत असताना प्रोसेसर पुढच्याची यादी करत असतो. साहजिकच दोघांत जो हळू, त्याचीच चाल दोघांना लागते. जुन्या कार्डावर सेकंदाला सरासरी ५५ फ्रेम मिळत, म्हणजे एका फ्रेमला सुमारे १८ सहस्रांश सेकंद. नव्यावर ६६, म्हणजे सुमारे १५. कार्ड याहून पुष्कळ चपळ होते. वहीतली पहिलीच नोंद सांगत होती की ते ४३ टक्केच राबत आहे, आणि प्रोसेसरच्या चार कोअरपैकी एक मात्र शंभराला टेकला आहे.

सरासरी ५५ ची ६६ झाली, मग खेळ वाईट का वाटावा? हा प्रश्न मी अडाणीपणाने विचारला, आणि उत्तर त्याच्या तोंडून बोलता बोलताच निघाले. पूर्वी कार्ड हळू होते, पण एका चालीने हळू होते. प्रोसेसरची लहानसहान अडखळ त्या संथपणाच्या पदराआड लपून जाई. आता पदर गेला. शिवाय नवे कार्ड आले या आनंदात त्याने खेळातले सारे काही ‘अति उच्च’ करून ठेवले होते. सरासरी ६६ असली तरी मधूनमधून ती २८ पर्यंत कोसळत होती. उचकी होती ती हीच. एकट्या सरासरीवर विसंबू नये. परीक्षेचे निकाल लावताना हे मला चांगले कळते, इथे कळले नाही.

मग त्याने एक नामी चाचणी घेतली. चित्राचे माप १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणले. म्हणजे रंगवायचे ठिपके २०,७३,६०० चे ९,२१,६०० झाले, निम्म्याहूनही कमी. दोष कार्डाचा असता तर फ्रेम भराभर वाढल्या असत्या. वाढली फक्त एक. ६६ ची ६७. मी ती नोंद दोनदा अधोरेखित केली. कार्ड निर्दोष होते. दुकानदारही निर्दोष होता. वही मांडीवर तशीच ठेवून मी थोडा वेळ गप्प बसलो.

“रॅम बघ,” मी म्हणालो.

टास्क मॅनेजरमध्ये ते सारे उघड लिहिलेले होते. एकूण ८ जीबी, खेळ चालू असता त्यातली ७.६ भरलेली. चार खाचांपैकी एकच वापरात. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. हाताशी लागेल ते तिथे. ओटा भरला की एकेका डब्यासाठी माळ्यावर चढावे लागते. इथे माळा म्हणजे डिस्क, आणि खेळ मधूनमधून माळ्यावर चढत होता. भरीत भर, रॅमच्या पट्टीवर वेग छापला होता ३२०० आणि ती चालत होती २४०० ने. छापील वेग मिळण्यासाठी बायॉसमध्ये जाऊन ‘एक्सएमपी’ नावाची खूण चालू करावी लागते. ती सहा वर्षांत कुणी केलीच नव्हती.

खूण केली. सरासरी ६६ ची ७१, तळ २८ चा ३१. लिहून ठेवले. उरले ते दुसऱ्या पट्टीचे. एकच पट्टी असली की प्रोसेसरकडे जाणारी एकच वाट चालू राहते, ३२०० च्या वेगाला सेकंदाला २५.६ जीबीची. जोडीची पट्टी योग्य खाचेत बसवली की दुसरी वाट उघडते आणि ५१.२ होतात. चार खाचा असल्या तर बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी. जवळजवळच्या दोन खाचांत बसवल्या तर ओटा मोठा होतो, पण वाट एकच राहते.

पाचव्या दिवशी मी एकटाच ग्रँट रोडला गेलो. मुलाला नेले नाही. क्षमा मागायची तर साक्षीदार नसलेला बरा, एवढे शहाणपण या वयात येते. दुकानदाराने माझे वाक्य पुरे होऊ दिले नाही. “अहो साहेब, रोज दोन फोन येतात असे. जुन्या पट्टीचा फोटो आणलाय का?” फोटो आणला होता. त्याच कंपनीची, त्याच वेगाची ८ जीबीची पट्टी त्याने काढून दिली, आणि चहा मागवला. चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. हे मला पट्टीच्या किमतीपेक्षा जड गेले.

त्या रात्रीची नोंद : सरासरी ८२, तळ ६३. कार्ड अजून ५५ टक्क्यांवरच. म्हणजे सोऱ्या अजून हळूच होता. पण मग चिरंजीवांनी मला चक्रावून टाकणारी गोष्ट केली. खेळ हलका करण्याऐवजी चित्राची सफाई आणखी वाढवली. कडा गुळगुळीत, रस्त्यावरचा खडा न् खडा स्पष्ट. फ्रेम तेवढ्याच राहिल्या. कार्ड रिकामेच बसले होते, त्याला ते काम फुकटात झाले. रस्त्याकडेची गर्दी आणि लांबवरचा देखावा मात्र त्याने कमी केला, कारण त्यांचे ओझे प्रोसेसरवर पडते. शेवटी फ्रेमना ६० ची मर्यादा घातली. का, तर आमचा पडदाच सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. ८२ काढल्या काय आणि ६० काढल्या काय, डोळ्यांना ६० च दिसायच्या. तळ ६३ असल्यामुळे ६० आता एका लयीत मिळू लागल्या. गाडी धावली. उचकी नाही. पंख्यांचा आवाजही उतरला.

“बाबा, तुम्ही चालवता?” त्याने विचारले. मी चालवली. पहिल्याच वळणाला दरीत गेलो. या अपघाताला कार्ड, रॅम वा प्रोसेसर यांपैकी कोणीही जबाबदार नव्हते.

सातवा दिवस आला आणि गेला. कार्ड परत गेले नाही. पावती मात्र मी जपून ठेवली आहे. जुने कार्ड आता धाकट्या भाच्याच्या यंत्रात आहे. यंदा दसऱ्याला चिरंजीवांनी नव्या प्रोसेसरचा विषय हळूच काढला. तो घ्यायचा तर मदरबोर्ड बदलावा लागेल, आणि मदरबोर्ड बदलला तर ही रॅम चालणार नाही, असे त्याने स्वतःच सांगितले. मी वही काढली आणि आधी पडदा बघ म्हणालो. तो हसला.

त्या वहीचे पुढचे पान सौ.ने फराळाच्या सामानाच्या यादीला घेतले आहे. पहिल्याच ओळीत लिहिले आहे : सोऱ्या, पितळी, मोठा.