वॉर्डातला आधार

रात्रपाळी संपवून निवासी डॉक्टर खोलीवर येते, तेव्हा मेसचा डबा गार झालेला असतो आणि आईचे मिस्ड कॉल साठलेले असतात. आधी झोपावे की फोन करावा? केंद्राच्या १९९२च्या निर्देशानुसार तिचे काम आठवड्याला साधारण ४८ तासांचे हवे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४मध्ये ७४ तासांची मर्यादा सुचवली, यावरूनच प्रत्यक्ष स्थिती ओळखावी. अशा ताणासाठी समुपदेशन कक्ष हवाच. पण सिनियरने चारचौघांत पाणउतारा न करता चूक समजावली, तर निम्मा भार तिथेच उतरतो. नर्सिंगच्या विद्यार्थिनींनाही हेच लागू. अध्यापकांनो, राउंड संपल्यावर ‘जेवलीस का?’ एवढे तरी विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.