कॅमेरा दुबईचा, दुखणं दर्यापूरचं

लग्नाचे फोटो काढणारा दोस्त परवा म्हणे, "भाऊ, भाचा दुबईले आहे, कॅमेरा तिकडूनच बोलावतो." म्हटलं, बोलाव, पण वॉरंटी बहुतेक वेळा तिथलीच, ऐन लगनसराईत शटर गेलं तर अमरावतीत कोण हात लावील? सवलतीच्या वरच्या रकमेवर कस्टम ड्युटी वेगळी.

पण दोष त्याचा नाही. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के केला, बरंच झालं. कॅमेरा मात्र 18 वरच! मोठ्या स्टुडिओला तो क्रेडिटमध्ये वळता होतो. 20 लाखांच्या आत उलाढाल म्हणून नोंदणी न केलेल्या या पोराला छदाम नाही. नोंदणी कर म्हणता? मग रिटर्न भरायची सीएची फी कोण देईल? अवजार आहे हो ते, चैन नव्हे. खासदारसाहेब, दिल्लीत हे कधी विचारता?