थैलीचे भोक



पैशाच्या पिशवीला आपल्याकडे किती नावे! आजोबांच्या कमरेला कसा, आजीजवळ बटवा, सावकाराच्या गादीवर थैली. काहीच नसले, तर धोतराच्या सोग्याला गाठ मारून नाणी ठेवीत. म्हणून 'गाठीला पैसा' हा शब्द आजही आहे. मनुस्मृतीत खिसेकापूला 'ग्रंथिभेद', म्हणजे गाठ तोडणारा, म्हटले आहे आणि त्याला कडक शिक्षा सांगितली आहे.

ख्रिस्ती बांधवांच्या बायबलातही थैली येते. तिच्यात पैसे असत, तशी व्यापाऱ्याची वजनेही असत. एक जड आणि एक हलके, अशी दोन वजने थैलीत बाळगू नका, अशी तिथे आज्ञा आहे. हाग्गय नावाचा संदेष्टा तर, पुष्कळ पेरूनही थोडेच हाती आलेल्या लोकांना सांगतो की, तुमची मजुरी भोक पडलेल्या थैलीत जात आहे.

मुरबाड-शहापूरहून कल्याण-ठाण्याच्या बाजारात भाजी नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. वजन डोळ्यांसमोर करून घ्या. पट्टी मागून घ्या आणि घरी नीट वाचा. फळे-भाजीपाल्यावरची अडत २०१६ पासून आपल्या राज्यात खरेदीदाराने द्यायची आहे; ती तुमच्या पट्टीत कापली असेल, तर बाजार समितीत जाऊन विचारा. गाडीभाडे, हमाली, चहापाणी त्याच दिवशी वहीत लिहा.

आता पैसे मोबाईलवर येतात. पण भोक तिथेही पडते. रात्री जेवणे झाली की घरातल्या सगळ्यांनी मिळून वही पाहावी. भोक कुठे आहे, ते बहुधा घरच्या लक्ष्मीलाच आधी दिसते.