सरणाजवळचा कॅमेरा कुणासाठी?



काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात एका जवानाच्या अंत्यविधीला आम्ही अड्याळहून चार-पाच जण गेलो होतो. गावाचं आणि जवानाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या घराने आधीच पुष्कळ सोसलं आहे.

शाळेच्या भिंतीवर माणसं होती, झाडावर पोरं होती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाया उभ्या होत्या, आणि जवळपास प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. जवानांनी शस्त्रं उलटी केली, बंदुकीच्या फैरी झाल्या, बिगूल वाजला. सरणापासून चार हातांवर जवानाची माय जमिनीवर बसली होती. तेवढ्यात गाड्यांचा ताफा आला. त्यातून एक पुढारी उतरले आणि त्यांच्यामागे त्यांचा स्वतःचा फोटोग्राफर. पुष्पचक्र वाहताना तो फोटोग्राफर जवानाच्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाजूले व्हा ना भाऊ, साहेब दिसून नाही रायले."

आणि तो भाऊ बाजूला झाला. स्वतःच्या भावाच्या सरणापासून.

संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्यांच्या स्टेटसवर होता. मधोमध साहेब, हातात पुष्पचक्र, मागे तिरंगा. काठावर भावाचं अर्धं कोपर. माय कुठेच नाही. मी तो फोटो त्या रात्री बराच वेळ पाहिला. शरम वाटली ती याची, की तो मीसुद्धा दोन ग्रुपवर पुढे पाठवला होता.

हा लेख त्या शरमेतून लिहितो आहे.

आधीच सांगतो, मी कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. आंबेडकरी माणूस कॅमेऱ्याच्या विरोधात असूच शकत नाही. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तिचं चित्रीकरण नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून केलं. ती माणसांची गर्दी आज आपण पाहू शकतो, याचं श्रेय त्या माणसाला आहे. पण त्या चित्रीकरणात व्हटकर स्वतः मधोमध उभे नाहीत. कॅमेरा गेलेल्या माणसाकडे आणि त्याच्यासाठी रडणाऱ्यांकडे वळलेला आहे. म्हणून माझा प्रश्न कॅमेरा असावा की नसावा हा नाही. कॅमेरा कुणाच्या हातात आहे, कुणाकडे वळला आहे आणि कुणाला विचारून वळला आहे, हा आहे.

सैनिक आणि आपला समाज हे नातं कालचं नाही. भीमा कोरेगावच्या स्तंभावर ४९ नावं कोरलेली आहेत. त्यातली २२ नावं 'नाक' या प्रत्ययावरून महार सैनिकांची म्हणून ओळखता येतात. ते साधे शिपाई होते. जमीनदार नव्हते, सरदार नव्हते. तरी त्यांची नावं दगडात राहिली. पुढे १८९० च्या दशकात इंग्रजांनी लढवय्या जातींचा सिद्धांत पुढे करून महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा आपल्या माणसांनी अर्जामागून अर्ज केले. गोपाळबाबा वलंगकरांनी केला, शिवराम जानबा कांबळे यांनी केला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. नंतर त्याच्या जागी खंजीर आला.

हा इतिहास तुम्हाला पाठ आहे. मी तो उगाळत नाही. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे: नाव. आपल्या पूर्वजांना कुणी भव्य फोटो दिले नाहीत, दगडावर नाव दिलं, आणि त्या नावाच्या बळावर शंभर वर्षांनी एक चळवळ उभी राहिली. आज उलट झालं आहे. फोटो हजार निघतात आणि नाव वर्षभरात विसरलं जातं. डिसेंबर २०१७ मध्ये आपल्याच पवनी तालुक्याचे मेजर प्रफुल्ल मोहरकर राजौरीच्या केरी सेक्टरमध्ये नियंत्रण रेषेवर शहीद झाले. आज अड्याळच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या वीस पोरांना त्यांचं नाव विचारून बघा. किती जणांना सांगता येतं ते मोजा. मग स्टेटस ठेवण्यातल्या देशभक्तीचा हिशेब करू.

आता फोटोत काय येत नाही, ते बघू.

जून २०१६. काश्मीरमध्ये पांपोरला केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर हल्ला झाला, आठ जवान गेले. त्यातला एक उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबाद जिल्ह्याचा, नट समाजाचा. त्याचं पार्थिव गावी आलं तेव्हा गावातल्या सवर्णांनी सार्वजनिक जागेवर अंत्यसंस्काराला हरकत घेतली. अधिकाऱ्यांना मध्ये पडावं लागलं, तेव्हा कुठे काही हात जागा मिळाली. सरण पेटल्यावरच्या फोटोत तिरंगा दिसतो, सलामी दिसते. त्याआधी जागेसाठी झालेली घासाघीस कोणत्या फोटोत दिसते? देशासाठी मेलेल्याला जात नसते, असं आपल्याला सांगतात. जात सीमेवर नसेलही. स्मशानात ती वाट पाहत बसलेली असते. आणि सलामीचा सुंदर फोटो तिला झाकून टाकतो.

१ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत जांभुळखेडाजवळ नक्षल्यांच्या भूसुरुंगात शीघ्र कृती दलाचे १५ पोलीस जवान शहीद झाले. त्यात आपल्या भंडारा जिल्ह्याचेही होते. त्याच गाडीत सोळावा माणूस होता. तो त्या खाजगी गाडीचा चालक होता. स्फोटाने गणवेश पाहिला नाही. तेव्हा फिरलेल्या फलकांवर तुम्ही १५ चेहरे पाहिले की १६, आठवून बघा.

२० नोव्हेंबर २०१८, वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव. निकामी दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा जण मेले. बहुतेक जण आसपासच्या गावांतून रोजीवर आणलेले मजूर होते. आणि २४ जानेवारी २०२५ रोजी तर आपल्या दाराशीच, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. जवानाच्या हातातल्या हत्यारात जे भरलं जातं, ते भरणारी ही माणसं. सीमेवर गेली नाहीत, पण सीमेसाठीच मेली. सहा की आठ एवढा आकडा पेपरात आला आणि संपला.

तिरंगा शासकीय इतमामात, सैन्याच्या आणि निमलष्करी दलांच्या अंत्यविधीतच पांघरता येतो, हे ध्वजसंहितेत आहे आणि त्याला माझी हरकत नाही. तिरंगा सरणावर जाळत नाहीत, तो काढून घेतात, हेही तिथेच आहे. प्रश्न तिरंग्याचा नाही. प्रश्न असा, की जिथे तिरंगा आहे तिथेच कॅमेरा का पोचतो? कारण पुढाऱ्याला मेलेला माणूस नको असतो, मागे तिरंगा हवा असतो. पुलगावच्या मजुराच्या सरणाशेजारी उभं राहिलं तर फोटोबरोबर प्रश्नही येतात: ठेकेदार कोण होता, सुरक्षेचे नियम पाळले का, मजुरी किती होती?

"फोटो पाहून तरुणांना प्रेरणा मिळते, तुम्ही देशभक्तीला विरोध करता," असं कुणी म्हणेल. भाऊ, प्रेरणा जवानाच्या फोटोने मिळेल. साहेबांच्या फोटोने कसली मिळते? फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामात ४० जवान गेले. त्यातल्या एकाच्या शवपेटीशेजारी केरळात एका केंद्रीय मंत्र्याचा फोटो प्रसिद्ध झाला, टीकेची झोड उठली, आणि तो सेल्फी नव्हता, असा खुलासा मंत्र्यांना करावा लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना पुन्हा बजावलं की सैनिकांची छायाचित्रं प्रचारात वापरू नका. पुन्हा म्हणतो, कारण हेच आयोगाने डिसेंबर २०१३ मध्येही सांगितलं होतं. एकदा सांगून भागलं असतं तर दुसऱ्यांदा सांगावं लागलं नसतं. म्हणजे जवानाचं मरण प्रचाराला वापरलं जातं, हे मी एकटा म्हणत नाही.

जगात हा वाद झालेला आहे. अमेरिकेने १९९१ मध्ये युद्धातून येणाऱ्या शवपेट्यांचे फोटो काढायला डोव्हर तळावर बंदी घातली. कारण कुटुंबाच्या खाजगीपणाचं दिलं गेलं. पण त्या बंदीने लपलं काय? लोकांपासून युद्धाची किंमत लपली. २००९ मध्ये नियम बदलला: फोटो काढायचा की नाही, हे मृताचं कुटुंब ठरवील. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचाराच्या माणसांनी चित्रीकरण केलं. सैनिकी दफनभूमीत प्रचाराचं काम करायला तिथल्या कायद्याने मनाई आहे. अडवायला गेलेल्या कर्मचारी महिलेला बाजूला ढकललं गेलं, असं खुद्द अमेरिकी सैन्याने सांगितलं. काही कुटुंबांनी ट्रम्प यांना बोलावलं होतं, हे खरं. पण शेजारच्या कबरीतल्या सैनिकाच्या घरच्यांना कुणी विचारलं नव्हतं, तरी ती कबर फोटोत आली. एका घराची परवानगी दुसऱ्या घराची होत नाही.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. सरकारने मरण लपवू नये आणि पुढाऱ्याने मरण वापरू नये. दोन्हींच्या मध्ये एकच माणूस उभा करता येतो, तो म्हणजे मृताच्या घरचा माणूस.

आता कडू बोलतो, आपल्याच लोकांशी. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. आपलाच जिल्हा. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. ते प्रकरण दाबलं जात होतं, आणि मृतदेहांचे फोटो बाहेर आले म्हणून लोक पेटून उठले. ते फोटो नसते तर खैरलांजी हे नाव मोहाडी तालुक्याबाहेर कुणाला कळलं नसतं. हे सत्य आहे, आणि म्हणून मी कॅमेऱ्याच्या बाजूचा आहे. पण ते फोटो हातोहात फिरवताना भैयालाल भोतमांगेंना किती जणांनी विचारलं? मी विचारलं नव्हतं. आपल्या माय-बहिणींची ती अवस्था आम्ही न्यायासाठीच दाखवत होतो, पण विचारलं मात्र नाही. १९५५ मध्ये अमेरिकेत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी ठार मारलं. त्याची शवपेटी उघडी ठेवायची, त्याचा ठेचलेला चेहरा जगाने पाहायचा, हे त्याच्या आईने ठरवलं. ते फोटो छापले गेले आणि एक देश हादरला. त्या फोटोची ताकद आईच्या त्या निर्णयात होती. आपण दुसऱ्यांना शिकवण्याआधी हा धडा आपण घ्यायचा आहे. अत्याचारग्रस्ताच्या घरी जाऊन रडणाऱ्या माणसाशेजारी स्वतःचा फोटो काढून टाकणारे कार्यकर्ते आपल्यातही आहेत. त्यांच्यात आणि त्या साहेबांत फरक फक्त गमछाच्या रंगाचा आहे.

म्हणून नुसती टीका करून थांबत नाही. अड्याळ आणि आसपासच्या गावांतल्या तरुणांनी येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडावा, अशी माझी सूचना आहे.

एक: शहीद जवानाच्या अंत्यविधीचा फोटो काढायचा की नाही, कुणी काढायचा, किती जवळून काढायचा, हे घरचे ठरवतील. ते नाही म्हणाले तर गावातले सगळे मोबाईल खिशात राहतील.

दोन: सरणाजवळची पहिली रांग कुटुंबाची आणि जवानाच्या सहकाऱ्यांची. पुढारी, पदाधिकारी, कोणत्याही झेंड्याचे असोत, आपलेही असोत, मागे उभे राहतील.

तीन: श्रद्धांजलीच्या फलकावर एकच चेहरा असेल, गेलेल्या माणसाचा. शुभेच्छुकांचे बारा फोटो नकोत. ते काही वाढदिवसाचं बॅनर नव्हे.

चार: ग्रामपंचायतीच्या आवारात दगडावर नावं कोरली जातील. नाव, गाव, जन्म, मृत्यू, ठिकाण. त्यात जवान असेल, पोलीस असेल, गाडीचा चालक असेल, दारूगोळ्याच्या कारखान्यातला कामगारही असेल.

पाच: वर्षभराने गावातले तरुण त्या घरी जातील, कॅमेऱ्याशिवाय. पैसे मिळाले का, कागद कुठे अडला, मुलांची शाळा सुरू आहे का, हे विचारतील. आता तर चार वर्षांचे अग्निवीर आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला बुलढाणा जिल्ह्यातला अग्निवीर गेला. अग्निवीराच्या घराला विम्याची आणि सानुग्रह रक्कम मिळते, नियमित कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. त्या घराचं पुढचं विचारायला कोणता फोटोग्राफर जातो?

बाबासाहेबांनी राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात दिला होता. शहिदाच्या सरणाला पार्श्वभूमी करून स्वतःची भक्ती वाढवणारा नेता आणि तो फोटो पुढे पाठवणारे आपण, या इशाऱ्याच्या कक्षेत दोघेही येतो.

त्या दिवशीचा फोटो मी मोबाईलमधून काढून टाकला आहे. पण त्या भावाने एक पाऊल मागे घेतलं, ते डोळ्यांपुढून जात नाही. त्याला बाजूला व्हायला सांगणारा एक होता आणि गप्प बसणारे आम्ही शेकडो होतो. पुढच्या वेळी आपल्यापैकी एकाने तरी पुढे होऊन म्हणायचं आहे, "भाऊ इथेच उभा राहील. साहेबांनी बाजूला व्हावं."

जयभीम! जय संविधान!