उताऱ्यावर न दिसणारा दोष

घर विकत घेणे हा मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार. गोमंतकीय माणूस तो करताना पुष्कळ सावध असतो. एक-चौदाचा उतारा वकिलाकडून तपासून घेतो, सनद पाहतो, जागेवर कुणा मुंडकाराचा हक्क आहे काय याची चौकशी करतो आणि गृहप्रवेशाचा मुहूर्तही भटजींकडून काढून आणतो. परंतु न्हाणीतले आणि शौचकूपातले पाणी जमिनीखालून नेमके कोठे जाते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती हीच. विक्रीपत्रावर सही करण्यापूर्वी या भूमिगत नळांची तपासणी झालीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुक्तीला सहा दशके उलटून गेली, तरी भुयारी गटारांची सोय पणजी, मडगाव, वास्को अशा मोजक्या शहरांच्या काही भागांपलीकडे फारशी गेलेली नाही. इतरत्र सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा यांवरच भिस्त आहे. जुन्या घरांतील भाजलेल्या मातीच्या नळांचे सांधे काळाने सुटतात, ओलाव्याच्या ओढीने झाडांची मुळे त्यांत शिरतात, माती खचली की नळाचा उतार बिघडतो आणि मैला साचू लागतो. नव्या इमारती तरी निर्दोष असतात असे नव्हे. बांधकामाच्या वेळी नळात पडलेले सिमेंट, चुकलेला उतार, माणसांच्या मानाने लहान टाकी हे दोष फरशी बसली की झाकले जातात आणि पहिल्या मुसळधार पावसात वर येतात.

हा प्रश्न केवळ दुर्गंधीचा असता, तर आम्ही त्यासाठी लेखणी उचलली नसती. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. आमच्या दाट वस्तीच्या वाड्यांवर हे अंतर किती ठिकाणी पाळले गेले असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. त्यात आमचा जांभा दगड सच्छिद्र, आणि पावसाळ्यात भूजल थेट वर येणारे. म्हणजे एकाच्या फुटक्या नळाची शिक्षा शेजाऱ्याच्या विहिरीला. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले म्हणजे काय होते, हे २०१२ साली इचलकरंजीने अनुभवले. तेथील काविळीच्या साथीने हजारोंना गाठले होते. तेथे दोष सार्वजनिक नळांचा होता. पण रोगजंतूंना खाजगी आणि सार्वजनिक हा भेद कळत नाही.

कायदा ग्राहकाच्या बाजूने नाही असे नाही. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील वा सोयींतील दोष दाखवून दिल्यास तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे. जुन्या घराच्या बाबतीत १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम विक्रेत्याला महत्त्वाचा दोष सांगण्यास बांधून घेते. मात्र साधारण दक्षतेने जो दोष ग्राहकाच्या ध्यानात आला असता, त्याला हे संरक्षण नाही. डोळे मिटून सही करणाऱ्याला कायदा तरी किती तारणार?

विक्रेता अंगण उकरू देईल काय, अशी शंका कोणी काढील. उकरण्याची गरजच नाही. चेंबरची झाकणे उघडून, रंग घातलेले पाणी सोडून ते कोठून निघते हे पाहता येते, आणि नळात छोटा कॅमेरा सरकवला की तडे, मुळे, तुंबलेले भाग पडद्यावर दिसतात. टाकी कोठे आहे, शेवटची केव्हा उपसली, भोगवटा दाखल्यापूर्वी आरोग्य खात्याने तिला संमती दिली होती काय, हेही विचारावे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. तपासणीच्या नावाखाली कोणाही मजुराला टाकीत उतरवू नये. २०१३ च्या कायद्याने ते निषिद्ध आहे, आणि अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ३० लाख रुपयांवर नेली आहे. पण गेलेला माणूस कोणत्याच रकमेने परत येत नाही.

सरकारचीही येथे जबाबदारी आहे. मलनिस्सारण वाहिन्या टाकण्यासाठी २०२३ आणि २०२४ मध्ये पणजीचे रस्ते खणले गेले. नागरिकांनी धूळ खाल्ली, खड्डे सोसले. आता त्या वाहिन्या कोठून कशा गेल्या आहेत याचे नकाशे जनतेला सहज पाहता आले पाहिजेत, आणि पालिका-पंचायतींनी माफक शुल्कात कॅमेरा तपासणीची सोय केली पाहिजे. ती होईल तेव्हा होवो. ग्राहकाने तोवर थांबण्याचे कारण नाही. इसाराची रक्कम हातावर ठेवण्यापूर्वी ‘आधी नळ दाखवा’ असे सांगण्याचा त्याला हक्क आहे, आणि शेजाऱ्याच्या विहिरीकडे पाहता ते त्याचे कर्तव्यही आहे.